तलाव राखता राखता
(प्रस्तावना)

हे पुस्तक मुलांसाठी आहे, पण ते थेट मुलांच्या हाती देण्यासाठी लिहिलेले नाही. संध्याकाळी, सुटीच्या दिवशी किंवा उन्हाळ्यातल्या रिकाम्या दुपारी जी मोठी माणसे गावातल्या पोरांना गोळा करून काही करू पाहतात, त्यांच्यासाठी ते आहे. अंगणवाडीताई, निवृत्त गुरुजी, बचत गटातल्या महिला, मच्छीमार सोसायटीतले ढिवर दादा, गवंडी, सायकल दुरुस्तीवाला, कॉलेजात शिकणारी मुलंमुली असे कोणीही. या मंडळींनी मुलांना अभियांत्रिकी आणि शाश्वतता शिकवावी, आणि तीही फळा, तास आणि परीक्षा यांच्याशिवाय, अशी आमची अपेक्षा आहे. ती अवाजवी नाही, हे पटवून देणे एवढेच या प्रस्तावनेचे काम.

सुरुवात जिल्ह्यापासून करू. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, वैनगंगा आणि तिला मिळणाऱ्या बाघ, चुलबंद, गाढवी या नद्या, बाजूला नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल आणि नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. वर्षाकाठी साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकून बाहेरच्या माणसाला वाटते की इथे पाण्याची काय वाण? पण हा पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर एवढ्यात पडून जातो, आणि मधेच दडी मारतो. रोवणी झाल्यावर किंवा लोंबीत दाणा भरताना पंधरा दिवस आभाळ कोरडे राहिले, तर वर्षाची मेहनत वाया. या एका अडचणीवर इथल्या माणसांनी शोधलेले उत्तर म्हणजे तलाव. गावाचा मोठा तलाव, शेतातली छोटी बोडी, एकाचा सांडवा दुसऱ्याला भरेल अशी उतारावर गुंफलेली साखळी. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत आणि त्यांतले बरेच दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे आहेत.

गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची प्रथा होती, असे सांगतात. कोहळी समाज या कामात विशेष निष्णात. नवेगावबांधचा सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर देव मानले. भोवतालच्या डोंगरांवरच्या सात बहिणींनी या कामात हात लावला, अशी श्रद्धा आजही आहे. ज्यांनी टोपल्या वाहून पाळ उभी केली, त्या बायामाणसांची नावे मात्र कुठेच नोंदलेली नाहीत. मुलांना ही गोष्ट सांगताना दोन्ही सांगावे: बांधणाऱ्याचा देव झाला, आणि माती वाहणारे अनाम राहिले.

या तलावांकडे वारसा म्हणून कौतुकाने पाहण्याची सवय आता लागली आहे. आमची विनंती अशी की मुलांना ते आधी यंत्र म्हणून दाखवा. पाणी अडवणारी पाळ, जास्तीचे पाणी वाट करून बाहेर काढणारा सांडवा, ज्याला या भागात सलंग म्हणतात, पाणी हवे तेवढेच सोडणारे तुडुम, आणि शेवटच्या बांधीपर्यंत नेणारा पाट. चारच भाग. यातला एक बिघडला तरी सगळे बिघडते. एवढी मोठी, चालती, हात लावून पाहता येणारी यंत्रणा गावाला लागून असताना अभियांत्रिकी शिकवायला दूरच्या शहरातून प्लास्टिकचे खोके कशाला मागवायचे?

आता एक उपक्रम जवळून पाहू. अंगणात वीतभर खोल, हातभर रुंद अशा तीन चरी खणायच्या आणि मुलांच्या तीन टोळ्या करायच्या. प्रत्येक टोळीने आपापल्या चरीवर आडवी पाळ घालायची: एकीने वाळूची, दुसरीने चिकण मातीची, तिसरीने मुरूम आणि चिकण माती कालवून, ओलावून, थराथराने धुमसून. पाळी नीट सुकू द्यायच्या आणि मग मागे पाणी ओतायचे. वाळूच्या पाळीतून पाणी लगेच पाझरते आणि पायथा ढासळतो. निव्वळ चिकण मातीची पाळ वाळताना तडकलेली असते आणि पाणी नेमकी ती भेग शोधते. धुमसलेली पाळ टिकते. त्या टोळीची पोरे आरडाओरडा करतात. तेव्हा त्यांना म्हणायचे, आणखी पाणी ओता. पाणी पाळीच्या माथ्यावर चढते, सगळ्यात खालची जागा गाठते, तिथे बोटभर ओघळ पडतो, आणि बघता बघता तो ओघळ पाळ कापत नेतो. चांगली बांधलेली पाळसुद्धा वरून पाणी गेले की उभी राहत नाही. पुन्हा बांधताना कोणीतरी पोर आपण होऊन म्हणते, एका बाजूला जागा थोडी खाली ठेवू आणि तिथे दगड लावू. त्या पोराने सांडवा शोधून काढला. मग सगळ्यांना घेऊन गावाच्या सांडव्यावर जायचे आणि तिथले दगड कसे बसवले आहेत, ते पाहायचे. हा क्रम उलटा करू नये. आधी पाळ फुटू द्यावी, मग सांडवा दाखवावा.

दुसरा उपक्रम पातळीचा. सारख्या लांबीचे दोन बांबू वरच्या टोकाला बांधायचे, पाय फाकवायचे, मधे आडवी काठी बांधायची आणि वरच्या गाठीतून दोरीला दगड लटकवायचा. पाणलोटाच्या कामावर गेलेल्यांना ही ए-फ्रेम ओळखीची आहे. दोन खुंट्यांवर तिचे दोन पाय ठेवायचे आणि आडव्या काठीवर दोरी जिथे येते तिथे खूण करायची. मग फ्रेम उलटी फिरवून पायांची अदलाबदल करायची आणि दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मधे जी तिसरी खूण, ती समपातळीची. पुढे जिथे दोरी त्या खुणेवर येईल, तिथे दोन्ही पाय एका पातळीत आहेत. यातली शिकवण मोठी आहे. बांबू थोडे वाकडे असले, एक पाय बोटभर आखूड असला, तरी चालते, कारण उलटून पाहिल्याने चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि मधे रद्द होते. महागड्या दुर्बिणी घेऊन फिरणारे सर्वेक्षकही आपले साधन असेच उलटून तपासतात. साधन अचूक नसले तरी रीत अचूक असू शकते, हे ज्या मुलाला बाराव्या वर्षी कळले, त्याला पुढे कुठलेही मोजमाप भिववणार नाही.

तिसरा उपक्रम पाण्याच्या दाबाचा. एक उभी बाटली आणि एक रुंद टिपाड घ्यायचे, दोन्हींत सारख्याच उंचीपर्यंत पाणी भरायचे आणि तळापासून सारख्या उंचीवर सारखेच छिद्र पाडायचे. टिपाडातले पाणी कितीतरी जास्त, म्हणून त्याची धार लांब जाईल, असे बहुतेक मुले छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात सुरुवातीला दोन्ही धारा सारख्याच लांब जातात. दाब ठरतो तो खोलीवर, पसाऱ्यावर नाही. नवेगावबांधच्या अथांग पाण्याचा पाळीच्या एका हातभर लांबीवर जेवढा रेटा, तेवढाच तितक्याच खोल बोडीच्या बांधावर. म्हणून पाळ तळाशी रुंद आणि माथ्याला निमुळती. हे सूत्र पाठ करण्याआधी ज्याने धार पाहिली, त्याला ते कायमचे कळले.

इथवर बांधण्याची गोष्ट झाली. पण या पुस्तकाचा खरा आग्रह दुसऱ्या गोष्टीसाठी आहे, आणि तो आम्ही स्पष्ट मांडतो: अभियांत्रिकीचा अर्धा भाग बांधणे आणि उरलेला अर्धा राखणे. शाश्वतता म्हणतात ती या दुसऱ्या अर्ध्यात असते.

याचा पुरावा हेच तलाव देतात. १९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातली मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, संपली आणि १९५१ पासून हे तलाव सरकारच्या ताब्यात गेले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते. त्या व्यवस्थेत कुळांची पिळवणूक होती आणि वेठही होती. पण मालक बदलताना पाळीवर माती घालण्याची, पाट उपसण्याची, तुडुमाची डागडुजी करण्याची, पाण्याची पाळी ठरवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहिला. लोकांना वाटले सरकार करील, सरकारकडे तेवढी माणसे नव्हती. तलाव गाळाने भरत गेले, काठावर बेशरमीची झुडपे माजली, कित्येकांच्या पोटात अतिक्रमणे झाली. ज्या पाळींनी शतके पूर पाहिले, त्या दोन पिढ्यांच्या दुर्लक्षाने खचल्या. अनुपम मिश्र यांनी १९९३ साली ‘आज भी खरे हैं तालाब’ लिहिले, त्यात देशभरच्या तलावांची अशीच कथा आहे. तलाव बांधणारा समाज आणि राखणारा समाज वेगळा काढता येत नाही.

राखण्याची सुरुवात मोजण्यापासून होते, आणि मोजणे मुलांना जमते. उन्हाळ्यात पाणी उतरले की खुणा केलेली काठी गाळात रोवायची आणि खालची कठीण जमीन कुठे लागते ते पाहायचे. ओळीने दहा-वीस जागी असे मोजले की सरासरी निघते. समजा, एक हेक्टर तलावात दहा सेंटिमीटर गाळ साठला. म्हणजे एक हजार घनमीटर, म्हणजेच दहा लाख लिटर पाण्याची जागा गेली. ट्रॉलीत तीन घनमीटर माती मावते असे धरले, तर तो गाळ काढायला सव्वातीनशेच्या वर खेपा. पाचवी-सहावीच्या मुलांना हे गणित येते. पुस्तकातल्या उदाहरणात हौद भरत असतो, इथे गावाचा तलाव आटत असतो, आणि उत्तर काय आले याची वाट सगळे गाव पाहत असते.

असे शिक्षण विदर्भाला आणि महाराष्ट्राला नवे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार मांडला. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले आणि नई तालीम सेवाग्रामला रुजली. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला हा माणूस गावात येऊन राहिला आणि शाळा सोडलेल्या मुलांकडून वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती अशी खरी कामे करून घेऊ लागला. त्यांचा कटाक्ष असा की मुलांनी केलेले काम गावाला उपयोगी पडले पाहिजे. शोभेचे मॉडेल करून कपाटात ठेवण्यात त्यांना रस नव्हता. आणि तिसरे नाव अरविंद गुप्ता यांचे. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथल्या आठवडी बाजारात फिरताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांची जोडी सुचली. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छपराची कैची आणि पुलाची चौकट त्रिकोणाची का, हे काडेपेटीच्या किमतीत कळते. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे टाकाऊतून खेळणी घडवली.

या तिघांकडून आम्ही तीन गोष्टी घेतल्या: काम हेच शिक्षणाचे माध्यम, काम खरे असावे, आणि साहित्य फुकट किंवा फुकटाच्या जवळचे असावे. चौथी गोष्ट गोंदियाने दिली. ती म्हणजे शिकवणारी माणसे गावातच आहेत. ढिवर समाजाला पाण्याचे जेवढे ठाऊक आहे, तेवढे कुठल्या पुस्तकात नाही. कुठला मासा कुठल्या वनस्पतीच्या आडोशाने अंडी घालतो, पाणी गढूळ कधी होते, कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, हे ते सांगतात. अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ज्ञानाच्या आधारावर तलाव सुधारण्याचे काम उभे केले. ढिवर स्त्रीपुरुषांनी बेशरम मुळासकट उपटली, तळात देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे पुन्हा वाढू लागले. बेशरमीची फांदी नुसती तोडून टाकली तर तिथेच पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट. एवढी साधी बाबही कामाला हात घातल्यावरच समजते.

तलावाच्या अभियांत्रिकीत जीवही मोजावे लागतात, हे मुलांना सांगायला सारससारखा दुसरा शिक्षक नाही. महाराष्ट्रात हा माणसाच्या उंचीचा पक्षी आता प्रामुख्याने गोंदियात आणि शेजारच्या भंडाऱ्यात उरला आहे. तो उथळ पाण्यात आणि धानाच्या बांधीत घरटे करतो. सावन बहेकर आणि ‘सेवा’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखण्याचे आणि सारस मोजण्याचे काम अनेक वर्षे चालवले आहे. इथे मुलांपुढे एक खरा पेच ठेवता येतो. जेसीबीने तलाव सगळीकडे सारखा खोल केला तर पाणी वाढेल, पण काठची उथळ जागा जाईल. देवधान, म्हणजे रानभात, तिथेच उगवते आणि सारस तिथेच चरतो. मग गाळ कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा? नकाशा काढून, दोन बाजू घेऊन मुलांनी यावर भांडावे. एकच बरोबर उत्तर नसलेला प्रश्न सोडवणे हे अभियंत्याचे रोजचे काम आहे आणि ते शाळेच्या पेपरात कधी येत नाही.

पुस्तकातले सगळेच उपक्रम तलावाचे नाहीत. तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल ओढत दारोदारी जातात. त्या बैलाची चाके स्वतः करायची ठरवली, तर भोक बरोबर मधोमध का हवे, आसाला तेल का लागते, मोठे चाक खडबडीत रस्त्यावर सोपे का जाते, हे सुताराच्या ओट्यावर बसून शिकता येते. धान चुरल्यावर उरलेल्या तणसाची पेटी करता येते. टोपलीत कोरडे तणस दाबून भरायचे, मधे उकळी आलेल्या भाताचे झाकलेले भांडे बसवायचे आणि वरून गोधडी घालायची. भात जाळाशिवाय शिजतो. दोन भांड्यांत सारखे उकळते पाणी घेऊन, एक उघड्यावर आणि एक तणसात ठेवून, दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहिले की उष्णता कुठे जाते याचा आलेख मुलांच्या हाताने तयार होतो, आणि आईचे सरपण वाचते. शाळेच्या छपराचे पाणीही मोजता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षभरात लाखभर लिटरच्या वर पाणी पडते, हे कळल्यावर मुले छपराकडे निराळ्या नजरेने पाहतात.

काही पथ्ये मात्र पाळावीत. पोहता येणारी, तलाव ठाऊक असलेली मोठी माणसे सोबत असल्याशिवाय मुलांना पाण्याजवळ नेऊ नये. पावसाळ्यात तुडुमाजवळ आणि वाहत्या सांडव्यावर तर मुळीच नाही. या नियमाला अपवाद नाही. मुलींना वही आणि मुलांना फावडे अशी वाटणी होऊ देऊ नका. घरचे पाणी बहुतेक वेळा मुलीच भरतात, तेव्हा पाण्याचा हिशेब त्यांच्यापासूनच सुरू व्हावा. इथल्या घरांत पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, झाडीबोली अशा अनेक बोली आहेत. मुलाला जे शब्द घरी येतात त्यांनीच त्याला बोलू द्या, प्रमाण मराठी मागाहून येईल. स्पर्धा, पदके आणि क्रमांक यांपासून दूर राहा. पाळ फुटलेल्या टोळीने सगळ्यात जास्त शिकलेले असते आणि स्पर्धेत नेमकी तीच हरते. आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर सरळ म्हणा, मला ठाऊक नाही, चला करून पाहू. शिकवणाऱ्याला यापेक्षा मोठी पात्रता लागत नाही.

मुले मोजतात, नकाशे काढतात, आणि मग ते कागद कुठेतरी धूळ खात पडतात, असे होऊ नये म्हणून शेवटची एक विनंती. १ मे हा या जिल्ह्याचा वाढदिवस. त्या दिवशी ग्रामसभा असते, आणि तलावांचे पाणी बरेच खाली गेलेले असते. एप्रिलमध्ये मुलांना घेऊन आपल्या गावचा एक तलाव मोजा: गाळ किती, पाळीला घळी किती, सांडव्याचे कोणते दगड निखळले, पाट कुठे बुजला. ग्रामसभेत तो अहवाल मुलांनाच वाचू द्या, आणि त्यातले निदान एक काम पावसाआधी गावाने पुरे करावे असा ठराव घ्या. काम छोटे असले तरी चालेल. पण ते मुलांच्या मोजमापावरून ठरलेले असावे, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच मुलांनी ते पुन्हा तपासावे.